तीन बरण्यांचा उजेड

कावेरीच्या घाटामागे तोप्पु तेरू नावाची एक गल्ली होती. १९५६ साली कुंभकोणममध्ये जे काही नवं घडतं ते आपल्याकडेच घडतं, अशी त्या गल्लीची समजूत होती, आणि ती अगदीच खोटी नव्हती. एका टोकाला फोटो स्टुडिओ. त्याच्या पडद्यावर रंगवलेला चंद्र इतका मोठा की नवरानवरीपेक्षा लोकांचं लक्ष त्याच्याकडेच जाई. त्याला लागून महालिंगाचं फलक रंगवायचं दुकान. त्याने एकदा गाय निळी रंगवली होती आणि त्यावर आठ दिवस वाद चालला होता. मधोमध कॉफी क्लब. तिथे पितळी पेल्याऐवजी काचेच्या ग्लासात कॉफी मिळे, आणि मानेवर केस वाढवलेली, सावलीतही काळा चष्मा न काढणारी मंडळी एका ग्लासावर दोन तास बसत. हाताने लिहिलेलं एक मासिक या घरातून त्या घरात फिरे. वाचून झालं की समासात शेरा लिहायचा असा नियम होता, आणि मजकुरापेक्षा शेरेच जास्त असत. रविवारी पापनाशमहून कॉलेजची पोरं रेल्वेने येत ती नुसती या गल्लीतून एक फेरी मारायला. त्यांच्या सदऱ्यांच्या कॉलरी बघून इथला शिंपी हसे, आणि पुढच्या रविवारी ती त्याच्याचकडे कापड घेऊन येत.

सेतुराम या गल्लीत शिरला तो लोणच्याच्या तीन बरण्या घेऊन.

तो कॉलेजात पदार्थविज्ञानाचा डेमॉन्स्ट्रेटर होता. वय तेवीस, चष्मा जाड, बोलणं कमी. गल्लीतल्या हौशी नाटक मंडळीला रंगमंचावर संध्याकाळ हळूहळू करायची होती आणि त्यांच्याकडे एकच बटण होतं: दाबलं की दुपार, पुन्हा दाबलं की काळोख. सेतुरामने घरून आईच्या चिनी मातीच्या बरण्या आणल्या, त्यांत मिठाचं पाणी भरलं, प्रत्येक बरणीच्या तळाशी एक तांब्याची पट्टी ठेवली आणि दुसरी दोरीला टांगून वरून सोडली. विजेचा प्रवाह या पट्टीतून त्या पट्टीत पाण्यातून जाई. वरची पट्टी खाली सोडली की दिवा उजळे, वर ओढली की मंदावे, आणि पाण्याबाहेर काढली की विझे. शेराला किती तोळे मीठ हे त्याने तीन रविवार खर्चून वहीत मांडलं. चौथ्या रविवारी रंगमंचावर पहिल्यांदा सूर्य मावळला तेव्हा सारी मंडळी उभी राहिली, आणि नाटकं लिहिणाऱ्या स्वामीनाथने त्याला मिठी मारली.

"डेय सेतू, तू शास्त्रज्ञ नव्हेस," तो म्हणाला. "तू चुकून तिकडे गेलेला कलावंत आहेस."

हे वाक्य सेतुरामला पुढे कित्येक दिवस पुरलं.

स्वामीनाथ त्या गल्लीचा राजा होता. खादीचा जिब्बा, खांद्यावर पिशवी, आणि समोरचा माणूस बोलू लागला की मान किंचित कलती करून ऐकायची सवय. असं ऐकणारं माणूस सेतुरामला आजवर भेटलं नव्हतं. स्वामीनाथ त्यांच्या घरीही येऊ लागला. आईच्या हातचं जेवून ढेकर द्यायचा, पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेल्या घरातलं तिचं जुन्या वळणाचं मराठी ऐकून म्हणायचा, "अम्मा, एक अक्षर समजत नाही, पण बोलत राहा, गाणं ऐकल्यासारखं वाटतं." आई सीतालक्ष्मी लाजायची आणि त्याला आणखी भात वाढायची.

एका संध्याकाळी घाटाच्या पायऱ्यांवर स्वामीनाथने त्याला आपलं गुपित सांगितलं. सारी गल्ली त्याला बी. ए. समजत होती, प्रत्यक्षात तो दोनदा नापास झाला होता, आणि घरी म्हाताऱ्या वडिलांना त्याने दुसऱ्याचंच प्रमाणपत्र चौकटीत घालून दाखवलं होतं. सांगताना त्याचा आवाज घोगरा झाला. "आजवर हे कोणाला सांगितलं नव्हतं," तो म्हणाला.

अशा वेळी आपणही काही द्यावं लागतं, असं सेतुरामला वाटलं. त्याच्याजवळ देण्याजोगं एकच होतं. ते त्याचं एकट्याचं नव्हतं, तरी त्याने दिलं.

त्याची थोरली बहीण विजयलक्ष्मी लग्न होऊन वर्षभरात माहेरी आली होती. नवरा व्यंकटरमण कलकत्त्याला नोकरीला. बिऱ्हाडाला जागा मिळाली की नेतो, म्हणाला होता. दोन वर्षांपूर्वी त्याचं एक कार्ड आलं: मुलीला पाठवू नका, माझा इथे दुसरा संसार आहे. विजीने ते वाचून चुलीत घातलं. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तिने माजघरातून विचारलं, "जावयांचं पत्र कीं रे? वाच की." तेव्हा आईला ताप होता. सेतुरामने हाताला लागलेला कॉलेजचा वेळापत्रकाचा कागद उचलला आणि त्यावरून पत्र वाचलं. विजीने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि ती तांदूळ निवडत राहिली.

एकच पत्र वाचायचं, असं ठरवलं होतं. आता पंधरा झाली होती. आई प्रत्येक पत्र तीन-तीनदा वाचून घेई आणि पाठ करी. शेजारी, देवळात, घाटावर ती वाक्यं म्हणून दाखवी. विजीने नवऱ्यासाठी विणलेला लोकरीचा गळपट्टा टपालाने पाठवल्याचं आईला सांगितलं होतं. तो कॉलेजच्या प्रयोगशाळेत, सेतुरामच्या कपाटात, तराजूच्या पेटीमागे होता.

हे सगळं, पत्रांतल्या वाक्यांसकट, स्वामीनाथने मान कलती करून ऐकलं. शेवटी खांद्यावर हात ठेवला. "केवढं ओझं वाहतोस रे," एवढंच म्हणाला. त्या दिवशी घरी जाताना सेतुरामला खरोखरच हलकं वाटलं.

चार महिन्यांनी नवं नाटक आलं. पहिला प्रयोग रविवारी दुपारी तीनला, बायकामुलांना सोयीचं म्हणून. सभागृहाच्या खिडक्यांना काळं कापड लावलं. दुसरा अंक स्वामीनाथने कोणालाच वाचून दाखवला नव्हता. तो आणि नाटकातल्या आईचं काम करणारा सुंदरराव, दोघांनीच त्याची तालीम केली होती. सेतुरामला फक्त उजेडाची यादी मिळाली: 'अंक दुसरा. घर. पूर्ण उजेड. लेखणी हातात घेतल्यावर फक्त पिवळा.'

"शेवट आधी कळला की हात सैल पडतो," स्वामीनाथ म्हणाला होता. "तुलाही धक्का बसला पाहिजे." आणि आदल्या दिवशी घरी येऊन त्याने स्वतः आमंत्रण दिलं होतं. "अम्मा, तुम्ही यायलाच हवं. पहिल्या रांगेत जागा ठेवतो. दिसलं नाही तरी ऐकू येईल ना?"

आई निळं रेशमी लुगडं नेसून आली. विजीने तिला हात धरून बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत बसवलं. रंगमंचाच्या कडेला, बरण्यांमागच्या स्टुलावरून सेतुरामला दोघी दिसत होत्या.

पहिला अंक हशात गेला. दुसऱ्याचा पडदा वर गेला तेव्हा सुंदरराव म्हातारीच्या वेषात, डोळ्यांवर हात धरून बसला होता. स्वामीनाथ मुलगा झाला होता. हातात कागद होता.

"वाच की रे," म्हातारी म्हणाली. "मापळ्ळैचं पत्र ना?"

जावयाचं. सेतुरामच्या हातातली दोरी घट्ट झाली.

स्वामीनाथने वाचायला सुरुवात केली. नाटक तमिळमधून होतं, पण वाक्यं सेतुरामची होती, अगदी त्याच क्रमाने. इथे थंडी कडक आहे. पाठवलेला गळपट्टा घालतो तेव्हा घरची माणसं जवळ बसल्यासारखी वाटतात. लोक हसत होते, कारण मुलगा अधूनमधून कागद उलटा धरत होता. म्हातारीला ते दिसत नव्हतं.

पहिल्या रांगेत आई पुढे सरसावून बसली. तिचा चेहरा उजळला होता. तिने शेजारणीच्या मांडीवर थाप मारली. "आमच्या जावयाचं पत्र हें!" ती म्हणाली. "आमच्या व्यंकटरमणाचं! नाटकांत घातलं कीं!" आणि स्वामीनाथने श्वास घेण्यासाठी थांबताच पुढचं वाक्य तिने मोठ्याने, मराठीत म्हणून टाकलं: "विजीस दूध प्यायल्यावांचून निजूं देऊं नये."

रंगमंचावरून स्वामीनाथने तेच तमिळमध्ये म्हटलं. मागे कोणीतरी हसलं.

विजीने आईचं मनगट धरलं होतं. ती रंगमंचाकडे बघत नव्हती. ती बरण्यांकडे बघत होती.

आता लेखणी येणार, हे सेतुरामला कळलं. यादीत तसं लिहिलंच होतं. अजून आईला फक्त एवढंच ठाऊक होतं की जावयाचं पत्र कसंतरी नाटकात आलं. पुढच्या मिनिटात मुलगा दौत उघडणार होता. स्वामीनाथने शेजारच्या पेटीत हात घातला, आणि सेतुरामने तिन्ही दोऱ्या एकदम ओढल्या. पट्ट्या पाण्याबाहेर आल्या. सगळं काळं झालं.

शिट्या वाजल्या. एक पोर रडू लागलं. आता पडदा पाडतील, असं सेतुरामला वाटलं. दोऱ्या हातात धरून तो आकडे मोजत राहिला, सातपर्यंत पोचला.

मग काळोखातून स्वामीनाथचा आवाज आला, हळू, अजिबात न गोंधळलेला.

"दिवा नको. ती झोपली आहे. आता पुढचं लिहायला हवं." टाकाची कुरकुर ऐकू आली. "तीर्थरूप मातुश्रींच्या चरणी... काय लिहू, अक्का? तुझा नवरा या महिन्यात काय म्हणेल? तो तर तिकडे दुसरीचा झाला. हा बघ, तुझा गळपट्टा, माझ्याच पेटीत. म्हातारी विचारते, ऊब आहे ना त्याला? लिहितो, आहे."

शिट्या थांबल्या. पोरही थांबलं. दोनशे माणसं काळोखात एक शब्द न सांडता ऐकू लागली. त्यात, पहिल्या रांगेत, एक बाई होती जिला उजेड असता तरी तेवढंच ऐकू आलं असतं, आणि तेवढंच दिसलं असतं. सेतुरामने विझवलं होतं ते बाकी सगळ्यांसाठी.

त्याने दोऱ्या सोडल्या. दिवे लागले तेव्हा टाळ्या सुरू झाल्या होत्या. पहिल्या रांगेतल्या दोन जागा रिकाम्या होत्या.

पडदा पडताच स्वामीनाथ धावत आला. चेहऱ्यावरचा रंग घामाने ओघळत होता.

"तो अंधार, सेतू! कुठून सुचला तुला? यादीत नसताना! उद्यापासून तोच ठेवायचा. आणि तुझी आई! पुढचं वाक्य तिने म्हटलं तेव्हा हा बघ, अंगावर काटा आहे अजून."

"ती ऐकेल हे तुला माहीत होतं."

"म्हणून तर बोलावलं. खरं उतरलंय की नाही ते कोण सांगणार मला? कॉफी क्लबातली गाढवं?"

"मी तुला विश्वासाने सांगितलं होतं."

"नाव घातलं का तुमचं? गाव घातलं?" त्याने सेतुरामच्या गालाला हात लावला. "पोरीसारखा रुसू नकोस रे."

"तुझ्या प्रमाणपत्राचं मी कोणाला सांगितलं नाही," सेतुराम म्हणाला. "आजवर नाही."

स्वामीनाथ क्षणभर गोंधळला. मग त्याला आठवलं आणि तो मनापासून हसला. "ते? अरे, ते खरं कुठे होतं! एका पात्रासाठी जुळवलं होतं. तुझ्यावर म्हणून बघितलं. चांगलं जमलं होतं, नाही?"

सेतुरामच्या हातांना मीठ लागलं होतं. तो ते धोतराला पुसत बाहेर आला.

बाहेर साडेचारचं ऊन होतं. आई आणि विजी शिंप्याच्या दुकानाच्या सावलीत उभ्या होत्या. आईने भिंतीला हात टेकला होता. त्याची पावलं तिने ओळखली.

"आई," तो म्हणाला.

"किती पत्रें, सेतू?"

"एकोणीस."

तिने मान हलवली, जणू तिने मोजलेली बेरीज जुळली. "विजी, तुज ठाऊक होतं?"

विजी खाली बघत होती. मग तिने सेतुरामकडे पाहिलं. "माझं होतं ते," ती हळू म्हणाली. "आईला सांगायचं की नाही, ते माझं होतं. तुझ्याकडे नुसतं ठेवायला दिलं होतं."

"अक्का, मला वाटलं तो..."

"तुला काय वाटलं ते नको सांगू."

आई म्हणाली, "मज सांगितलं असतंस, तर रडलें असतें एक दिवस. दोन दिवस. परक्यास सांगितलंस. आणि मज दोन वर्षें वाक्यें पाठ करूं दिलींस." ती रागावून बोलत नव्हती, एखाद्या कामात कुठे चुकलं ते समजून घ्यावं तशी बोलत होती. "देवळांत म्हणून दाखवलीं मीं तीं."

सेतुरामने नेहमीसारखा खांदा पुढे केला; रस्त्यात ती त्याच्याच खांद्यावर हात ठेवून चाले. तिचा हात हवेत चाचपडला, खांद्याला लागला आणि बाजूला झाला. तिने विजीचा दंड धरला. दोघी पुढे निघाल्या. तो दहा पावलं मागून चालू लागला.

कॉफी क्लबपाशी नाटकाहून परतलेली मंडळी फुटपाथपर्यंत पसरली होती. निळ्या गाईचा महालिंग होता, स्टुडिओवाला होता, पापनाशमची पोरं नव्या कॉलरी वर करून उभी होती. कोणीतरी सेतुरामला पाहिलं. "लाइट मास्टर!" आरोळी आली. "काय अंधार केलास, राजा!" बाकं सरकली, काळे चष्मे वळले, आणि सारी गल्ली उभी राहून टाळ्या वाजवू लागली. चार महिन्यांपूर्वी यातल्या एका टाळीसाठी त्याने काहीही दिलं असतं.

पुढे चालणारी आई थांबली. तिने आवाजाच्या दिशेने तोंड केलं.

"कोणासाठी वाजवतात गे?"

"सेतूसाठी," विजी म्हणाली, आणि तिला घेऊन पुढे गेली.