रस्ता मोकळा होता

उस्तादांनी एकतीस वर्षं शहरातली बस चालवली. डेपोतली निम्मी पोरं त्यांच्याच हाताखाली तयार झालेली, म्हणून सगळे त्यांना उस्तादच म्हणायचे. निवृत्तीला वर्ष होतं न होतं तोच, एका सकाळी दाढी करता करता त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. आठ महिन्यांत डावा पाय चालू लागला, डावा हात शर्टाची बटणं लावू लागला. आता लायसन्स परत मिळवायचं, की झालं.

इस्पितळाच्या तळघरात थेरपिस्टबाईंनी त्यासाठीच्या चाचणीला गाडीची सीट, स्टिअरिंग आणि समोर तीन मोठे पडदे मांडले होते.

"खेळणंच आहे की हे!" उस्ताद बायकोला म्हणाले. ती मागे खुर्चीवर बसली.

वीस मिनिटं त्यांनी झोकात गाडी हाकली. सिग्नलला थांबले, ट्रकला वाट दिली. उतरल्यावर थेरपिस्टबाईंना म्हणाले, "काय, पास ना?"

"शाळेजवळ काय झालं, आठवतं?"

"काय व्हायचंय? रस्ता मोकळा होता."

"डावीकडून एक बाई आली होती. बाबागाडी घेऊन."

"छे! मशीन बिघडलंय तुमचं." ते मागे वळले. "तू सांग गं, होतं का कोणी?"

चाळीस वर्षांच्या संसारात चारचौघांत तिने त्यांना कधी खोटं पाडलं नव्हतं. पर्सचा बंद बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "होती. मी ओरडलेसुद्धा, अहो."

थेरपिस्टबाईंनी चित्रण पुन्हा लावलं. उस्तादांना काहीच दिसेना. "मान वळवा. अजून. अजून थोडी." मग ती बाबागाडी दिसली. आणि ब्रेक लागलाच नव्हता.

"पुन्हा एकदा देतो परीक्षा," ते हट्टाने म्हणाले. या वेळी बाबागाडीवाली दिसली, पण डावीकडचा एक सायकलवाला नजरेतून सुटला.

"डोळे चांगले आहेत तुमचे," थेरपिस्टबाई हळू आवाजात म्हणाल्या. "मेंदू डावी बाजू विसरतो, आणि विसरलोय हेही त्याला कळत नाही. आठ महिने उलटलेत. खोटी आशा नाही लावणार मी."

 उस्ताद बायकोकडे न बघताच म्हणाले, "मागच्या मंगळवारी तू बाजारात गेलीस, तेव्हा मी गाडी काढली होती. नातीला क्लासला सोडून आलो. तिला म्हटलं, कोणाला सांगू नकोस."

बायकोचा हात तोंडाशी गेला.

"रस्ता मोकळाच होता," ते म्हणाले. "म्हणजे... मला तरी तसाच दिसला."

घरी आल्यावर त्यांनी तिला गाडीची डावी बाजू नीट बघायला लावली. ती वाकून, हात फिरवून बघत राहिली.

"काही नाही हो. कुठे साधा डागसुद्धा नाही."

"चाकांपाशी बघितलंस?"

"बघितलं."

ते पायरीवर बसले. मंगळवारचा तो रस्ता त्यांनी चौकाचौकाने आठवून पाहिला, पहिल्यापासून, परत परत. प्रत्येक वेळी तो मोकळाच होता.