वाढदिवसाची रजा

कोल्हापुरातल्या त्या ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये कुणाचाही वाढदिवस असला की केक कापायचा, त्याच्या तोंडाला फासायचा आणि त्याला गाणं म्हणायला लावायचं, अशी रीतच होती. कागदपत्रं बघणारा कृष्णात स्वतःच्या वाढदिवशी दरवर्षी रजा घ्यायचा. माणसं त्याला आवडायची, पण सगळे एकदम आपल्याकडं बघायला लागले की त्याला घाम फुटायचा.

यंदा रजा मिळाली नाही. सकाळीच तो मॅनेजर क्रांती मॅडमकडं गेला.

"मॅडम, आज माझा वाढदिवस हाय. केक नको. दुपारी तासभर वरच्या खोलीत एकट्याला बसू द्या."

"रागावलायस व्हय कुणावर?"

"न्हाय ओ. मला गलका सोसत न्हाय, एवढंच."

"मग आधी सांगायचं की! जा, बस."

दुपारी त्यानं खिडकीशी बसून निवांत डबा खाल्ला. खालून गाण्यांचा आवाज येत होता. तो उतरला, तर सगळ्यांच्या तोंडाला क्रीम! त्याच्याशिवायच त्यांनी त्याचा वाढदिवस केला होता.

इकबाल मेकॅनिकनं ताटली पुढं केली. "घे, तुझा वाटा."

कृष्णात मोठ्यानं हसला आणि उभ्या उभ्याच केक संपवून कामाला लागला.