उघडलेलं घरटं आणि घड्याळजीचं भिंग

मी घड्याळजीचं भिंग बोलतोय. बाटलीच्या बुचापेक्षा जरासा मोठा काळा कप आणि त्याच्या बुडाशी बसवलेली काच, एवढाच माझा जीव. मला हातात नाही, डोळ्याच्या खोबणीत धरतात. त्यामुळे माणूस जे पाहतो ते आधी मी पाहतो, आणि त्याने जगाला न सांगितलेलंही मला ठाऊक असतं.

माझा पहिला मालक म्हणजे ज्याची गोष्ट सांगतोय त्या लेखकाचे वडील. अरुंद दुकान, एक टेबल, भिंतभर टिकटिक. त्यांचे दोन नियम होते. उघडल्याशिवाय दुखणं कळत नाही, आणि उघडलेलं तसंच टाकून उठायचं नाही. जेवण गार झालं, पाहुणा ताटकळला, तरी घड्याळाचं मागचं झाकण बसल्याखेरीज ते खुर्ची सोडत नसत. मग मला मऊ फडक्याने पुसून म्हणत, "झालं. आता उठू या."

मुलगा त्यांच्याच हाताखाली शिकला. हात बापासारखा हलका, पण लक्ष सगळं खिडकीकडे. एकदा दुरुस्तीच्या घड्याळावर पतंग येऊन बसला, तर हा मला डोळ्याला लावून त्याच्या पंखांवरचे खवले बघत राहिला. गिऱ्हाईक आपलं उभंच.

"त्याच्या पोटात चक्रं नाहीत रे बाबा," वडील म्हणाले. "दे ते घड्याळ इकडे."

वडील गेले, दुकान त्याचं झालं. सकाळी घड्याळं आणि दुपारी मुंग्या, कोळी, अळ्या असा आमचा दिवस जायचा. पाहिलेलं तो वहीत लिहायचा, वहीचं पुस्तक झालं, आणि लोक त्याला निसर्गलेखक म्हणू लागले. मलाही त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू?

पण एक गोष्ट फक्त आम्हा दोघांना माहीत होती.

दुकानाच्या खिडकीच्या चौकटीवर एका कुंभारीण माशीने चिखलाचं इवलंसं मडकं बांधलं होतं. आत काय चालतं ते त्याला पाहायचं होतं. घड्याळजीच तो! त्याने पातळ पातं घातलं, मडकं अलगद सोडवलं आणि टेबलावर आणून त्याचे दोन भाग केले. आत बारीक धाग्याला टांगलेलं एक अंडं होतं आणि खाली पिल्लाच्या खाण्यासाठी साठवलेल्या तीन सुस्त अळ्या. ते पाहायला तो इतका जवळ वाकला की त्याच्या श्वासाने माझी काच धुरकटली. मग त्याने दोन्ही भाग डिंकाने जोडले आणि मडकं होतं तिथे चिकटवलं. घड्याळ असतं तर चालू झालं असतं.

माशी चौथी अळी घेऊन आली. मडक्याभोवती फिरली, मिशांनी चाचपलं, पुन्हा फिरली. मग अळी तिथेच टाकून निघून गेली ती कायमची. दोन दिवसांत अंडं सुकलं.

त्या अंड्यावरचा लेख त्याचा सगळ्यात गाजलेला लेख ठरला. त्यात त्याने लिहिलं, 'वाऱ्याने घरटं खाली पडलं आणि मला आत डोकावता आलं.' वाऱ्याच्या माथी खापर फोडून तो मोकळा झाला. मी पडलो काच, मूग गिळून बसलो.

आता तो थकलाय. दुकान बंद झालं, ज्या डोळ्याला तो मला लावायचा त्यात मोतीबिंदू उतरलाय. परवा एका शिक्षिकेचं पत्र आलं. लेकीने ते वाचून दाखवलं. 'तुमचा लेख वाचल्यापासून दोन वर्षं मी वाऱ्याने पडलेलं घरटं शोधतेय. वादळानंतरही एकसुद्धा पडलेलं दिसलं नाही. माझंच काही चुकतंय का?' त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

त्याच आठवड्यात पुस्तकाच्या नव्या आवृत्तीसाठी प्रकाशकाने लेखकाचा परिचय मागवला. लेक लिहायला बसली.

"अर्ध्या पानात बसवायचंय, बाबा. तुम्ही कोण, आधी काय करायचात, सध्या कशात रमता. बास."

त्याने सांगितलं. घड्याळजीचा मुलगा, स्वतःही घड्याळजी. सध्या मागच्या भिंतीवरचं शेवाळ पाहतो, कारण ते पाहायला काही उघडावं लागत नाही. मग त्याने मला हातात घेतलं. माझ्यावरून अंगठा फिरवत राहिला.

"पुढे लिही. ते घरटं वाऱ्याने पडलं नव्हतं. मी काढलं, मी फोडलं."

लेकीने पेन खाली ठेवलं. "हे परिचयात? बाबा, लोक काय म्हणतील? सगळ्या पुस्तकावरच संशय घेतील."

"घेऊ देत."

"इतकी वर्षं झाली. कुणाला कळणारही नाही."

"ती बाई अजून शोधतेय ना," तो म्हणाला. "आणि माझी ओळखच द्यायची तर अर्धी कशाला देऊ?"

मग तिने लिहिलं, आणि न सांगता ते वाचून दाखवलं. त्याने एक शब्दही बदलला नाही.

माझ्या काचेला आता चरा आहे, कपाची कड झिजलीय. मला फार काळ कुणी डोळ्याला लावेल असं वाटत नाही. तुमच्या हाती असं एखादं भिंग आलं, तर त्यातून मनसोक्त पाहा. फक्त जे परत बंद करता येणार नाही, ते उघडू नका.

कागद पाकिटात गेला. त्याने खिशातून मऊ फडकं काढलं, मला पुसलं, डबीत ठेवलं आणि झाकण लावलं. अंधारात मला त्याचा आवाज ऐकू आला, अगदी वडिलांसारखा.

"झालं. आता उठू या."