भाजलेली रानमसूर

कुलूपबाईंचं खरं नाव बीजघरात कुणी घेत नसे. शीतखोलीच्या किल्ल्या सदा कमरेला, आणि आत जायचं म्हटलं की आधी चपला काढा, मग हात धुवा, मग दार लावा, असा जाच. पाठीमागे हसणारे पुष्कळ होते. पण बाईंच्या हाताखालून एक दाणा कधी इकडचा तिकडे झाला नाही, हे हसणारेही कबूल करत.

म्हणून रानमसुरीचं शेवटचं पाकीट त्यांच्याकडे आलं. ती जिथे उगवायची ती टेकडी केव्हाच खडी होऊन रस्त्यांखाली गेली होती. पाकिटातलं बी आबांनी, म्हणजे बाईंच्या वडिलांनी, याच बीजघरात नोकरीला असताना गुडघे सोलवटून गोळा केलं होतं. तेव्हा त्याला कुणी विचारलं नाही. आता शेतातली मसूर उन्हाने फुलातच करपू लागली, आणि उन्हाला दाद न देणाऱ्या या रानटी भावंडाशी तिचा संकर करायचं सगळ्यांच्या डोक्यात आलं. उरलं होतं चिमूटभर बी. ते पेरून वाढवायचं, नाहीतर वंश बुडाला.

रानटी बियांचं टरफल भारी टणक. लवकर उगवावं म्हणून त्याला सुईने खाच पाडतात, पण सुई जरा आत गेली की आतला गर्भ मेला. एवढ्याशा बियांवर बाईंचा हात धजावला नाही. त्यांनी सगळं तसंच ट्रेमध्ये पेरलं. आठवड्याभरात सात कोंब वर आले. बाकीचे दाणे ढिम्म.

बीजघरात आबांच्या काळापासून नियम होता: तीन आठवड्यांत उठलं नाही ते बी मेलं. घरीसुद्धा उशिरापर्यंत लोळणाऱ्याचं पांघरूण ओढत आबा म्हणायचे, "हे बी मेलं वाटतं!" दुसरा नियम खुद्द बाईंचा होता. रानटी बी बाहेर पडलं तर तण होऊन माजतं, म्हणून त्याची माती टाकण्याआधी भट्टीत भाजायची. तीन आठवडे भरले. बाईंनी सात रोपं काचघरात हलवली, ट्रेमधली माती भट्टीत घातली आणि समाधानाने हात झटकले.

पुढच्या आठवड्यात उन्हाने कहर केला. सुट्टीच्या दिवशी काचघराचे पंखे बंद पडले, ते कुणाला कळलंच नाही. सकाळी बाईंनी दार उघडलं तर सातही रोपं वाळून कोळसा झालेली. शेंग एकालाही धरली नव्हती.

काय मनात आलं कोण जाणे, बाईंनी भट्टीजवळचं पोतं ओढलं आणि भाजलेली माती चाळायला घेतली. चाळणीत एकेक करून दाणे सापडू लागले. अख्खे. मेलेलं बी ओल्या मातीत कुजतं, बोटांत चिरडतं. हे तर टणटणीत होतं. भट्टीत जाईपर्यंत हे दाणे मेले नव्हते, झोपले होते. रानात एखादं वर्ष दगा देतं, म्हणून सगळं बी एकदम उठत नाही, थोडं मागे थांबतं. नवशिक्यांना हा धडा बाई स्वतः शिकवत.

"बाकीची उगवली का गं?" संध्याकाळी घरात बाईंच्या पावलांची चाहूल लागताच आबांनी रोजचा प्रश्न विचारला.

बाईंनी त्यांच्या तळव्यावर एक दाणा ठेवला. आबांची नजर गेली होती, बोटं शाबूत होती. त्यांनी दाण्यात नख रुतवून पाहिलं, मग तो दाताखाली धरला.

"चांगलं कडक आहे की! पेर हे."

"भाजलंय, आबा. मीच भाजलं. आणि ती सात रोपं करपली. आता कुठेच काही उरलं नाही."

आबांनी दाणा गालात सरकवला.

"किती थांबली होतीस?"

"तीन आठवडे. तुमचाच नियम."

"अगं, तो शेतातल्या मसुरीचा! तिला माणसाने वळण लावलंय. ही कुणाच्या बापाचं ऐकणार होती?" त्यांचा आवाज चिरकला. "मी हे कधी सांगितलंच नाही का तुला?"

"नाही. पण मला ठाऊक होतं."

उभ्या जन्मात आबांनी बीजघरातला दाणा कुणाला तोंडात टाकू दिला नव्हता. लहानपणी बाईंनी एकदा टाकला, तर गालात बोट घालून बाहेर काढला होता. आता त्यांनी तोंडातला दाणा सावकाश चावला, गिळला आणि पुन्हा हात पुढे केला.

बाईंनी त्यावर दुसरा ठेवला.