चालकाचं वजन

झुलाल शिंदखेड्याचा, कापसाच्या घरचा; पण त्याचा जीव सगळा त्या दोन दारांच्या जुन्या हेराल्ड मोटारीमध्ये. छप्पर काढून तिची स्पोर्ट्स कार त्यानं केली, आणि हात काळे झाले माझे. धुळ्यात आग्रा रोडला माझं, वना मिस्तरीचं, गॅरेज आहे. फेब्रुवारीत मद्रासकडे शर्यत होती. गेल्या वर्षी वळणावर गाडी इतकी कलायची की आम्ही शेवटून दुसरे आलो. यंदा तिला दोन इंच खाली बसवायची, असं ठरलं.

त्यासाठी मुंबईहून आखूड स्प्रिंगांच्या दोन जोड्या मागवल्या होत्या. एक नरम, एक कडक. एक ठेवायची, दुसरी परत. नरम पडली तर गाडी बूड घासते. गरजेपेक्षा कडक झाली तर वळणावर उड्या मारते, आणि हलकी गाडी उडायला लागली की चालकाचं काही खरं नाही. म्हणून आधी चालकासकट वजन करावं लागतं. कापसाच्या गाड्या तोलायचा जिनिंगचा काटा आम्हाला त्यासाठी सोयीचा.

तीन महिने मुंबईला मावशीकडे राहून झुलाल जानेवारीत परतला. जाड स्वेटर, मफलर, कानटोपी. "काय रे, नवरदेवसारखा तोंड झाकीसन फिरी राह्यना," मी चिडवलं. तो नुसता हसला आणि गाडी काट्यावर चढवली.

"आठशे चाळीस!" जिनिंगचे मुनीम आतून ओरडले.

झुलाल उतरला.

"सातशे नव्वद!"

म्हणजे पन्नास किलो. गेल्या वर्षी ह्याच काट्यावर झुलाल पंच्याऐंशी भरला होता. माझं डोकंच फिरलं. "मुनीमजी, काटा बिघडेल शे तुमना! असा काटावर शेतकरीसना कापूस मोजतस का?"

मुनीम बाहेर आले. त्यांनी वीस किलोची पाच लोखंडी मापं गाडीशेजारी मांडली. काटा बरोबर शंभरानं वर गेला. "उचलली जीभ, लावली टाळ्याला," असं पुटपुटत ते आत गेले.

"काटा नही बिघडना, वना," झुलाल म्हणाला. "मीच बिघडनू."

त्यानं मफलर सोडला. गळा नुसता हाडांचा.

"मावशीकडे नही, दवाखानाम्हा व्हतू. रक्तना कॅन्सर शे. डॉक्टर म्हने, आते घर जाय. मायले कावीळ सांगेल शे."

मला त्याचा राग आला. तीन महिने ताकास तूर लागू दिली नाही, आणि मी वेड्यासारखा त्याला स्प्रिंगांची पत्रं लिहीत बसलो. राग होता तोवर बरं होतं. मग तोही गेला. मी कामाचंच विचारलं.

"मंग स्प्रिंगले कितलं वजन धरू?"

"तुन्हं."

त्यानं दार उघडून धरलं. ह्या सीटवर एकदा बसू दे म्हणून चार वर्षं मी त्याच्या मागे लागलो होतो. त्यानं कधी किल्लीला हात लावू दिला नाही.

"बस, वना. मुनीम थांबेल शेतस."

मी बसलो. स्टेअरिंग त्याच्या हातानं गुळगुळीत झालं होतं. झुलाल काट्यावरून खाली उतरला, वजन माझं एकट्याचंच भरावं म्हणून.