लाल स्पोक

आत्याच्या दुकानात सायकलचं चाक कानाने बांधलं जातं, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. रिम, मधला हब आणि अठ्ठावीस स्पोक घेऊन ती स्टुलावर बसायची. चाकाच्या दोन्ही बाजूंचा पहिला स्पोक मनासारखा आवळला, की त्याला नखाच्या लाल पॉलिशचा ठिपका लावायची, आणि मग बाकीचे एकेक बोटाने छेडत लालच्या आवाजाशी जुळवायची. हे तिला वडिलांनी शिकवलं होतं. स्पोकचा ताण मोजायचं मीटर बाजारात येऊन कितीतरी वर्षं झाली, पण तिने ते उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. "थर्मामीटर आजाऱ्याला लावतात, माझ्या चाकाला नाही," असं गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायची. नाकावर माशी बसू द्यायची नाही ही बाई.

आणि नेमके तिचेच कान गेले. एकदम नाही गेले. आधी किटलीची शिट्टी गेली, मग दाराची घंटी, आणि एके दिवशी तिने स्पोक छेडला तर बोटाला कळलं, कानाला नाही. तिने कोणाला सांगितलं नाही. गिऱ्हाईक बोललं की मान हलवायची आणि अंदाजाने काम करायची. एकाने ब्रेक मागितले, तिने हवा भरून दिली, आणि वर त्यालाच झापलं की हवा किती कमी ठेवतोस. खरी गोष्ट अशी, की ती घाबरली होती. कान गेले म्हणजे चाक गेलं, आणि चाक गेलं म्हणजे आत्या फक्त पंक्चर काढण्यापुरती उरली, असं तिच्या मनाने घेतलं होतं.

त्यातच भाचीने शर्यतीत नाव घातलं. भाचीला लहानपणापासून सगळे भिंगरी म्हणत, कारण ती कधी एका जागी बसलीच नाही. शर्यत चुनखडीच्या पठारावरची, दोनशे किलोमीटर, सगळी कच्च्या, खडीच्या वाटांनी. पठारावर पाणी ठरत नाही, जमीन ते पिऊन टाकते, त्यामुळे वर नुसते पांढरे दगड, सुरीसारख्या धारेचे. वाट तीन वेळा नदीच्या खोऱ्यात उतरते आणि तीन वेळा घाम काढत वर चढते. गेल्या वर्षी भिंगरीचं विकतचं चाक तिसऱ्या उतारावर मोडलं होतं. ती सायकल खांद्यावर घेऊन चालत आली, तोवर वेळ संपून पुलावरचं फाटक बंद झालं होतं. 

"या वर्षी चाकं तू बांध," भिंगरी म्हणाली.

नाही कसं म्हणायचं? पुढचं चाक कसंबसं झालं, पण मागचं आत्याने तीनदा बांधलं आणि तीनदा सोडलं. कान साथ देईना, तेव्हा स्पोकची थरथर हाडाला कळते का, म्हणून तिने हनुवटी रिमला टेकवून पाहिली. मग डोळे मिटून दोन-दोन स्पोक चिमटीत दाबत राहिली, आठ दिवस. बोटं म्हणत होती की चाक बसलं. पण बोटांवर विश्वास ठेवायची तिला सवय नव्हती. चाकं देताना तिने "बघ, मस्त झालीत," असं म्हटलं आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

शर्यतीच्या दिवशी ती तिसऱ्या खोऱ्यात, पुलाजवळच्या दुरुस्तीच्या मांडवात बसली होती. नियम असा, की वाटेत कोणी मदत करायची नाही. जी काय दुरुस्ती व्हायची ती याच मांडवात, आणि चारच्या ठोक्याला पुलाचं फाटक बंद. शेजारच्या टेबलावर एका मोठ्या दुकानाचा मिस्त्री होता, पन्नाशीचा, शांत माणूस. त्याच्यापुढे मीटर आणि तयार चाकांची चळत. वर कर्ण्यावर सारखं काहीतरी ओरडणं चाललं होतं. आत्याला तो नुसता गोंगाट वाटत होता.

तीन चाळीसला भिंगरी आली. भुवयांपर्यंत चुन्याने माखलेली, पण चालत नाही, सायकलवर बसून. आत्याचा जीव भांड्यात पडला, तोवर तिला मागचं चाक दिसलं. डाव्या बाजूचा एक स्पोक हबजवळ तुटला होता आणि भिंगरीने तो शेजारच्याला पिळून बांधला होता. त्याच्यावर लाल ठिपका होता.

"दगड उडाला," भिंगरी तिच्या अगदी समोर येऊन म्हणाली. "लाव दुसरा."

 सगळं ज्याच्याशी जुळवायचं तोच तुटलेला, आणि जुळवायला कानही नाहीत. हिची पुन्हा वेळ गेली तर ती आपल्या हट्टापायी जाईल, हे तिला स्वच्छ दिसलं. वर्षभर जे गिळलं होतं ते तिने तिथेच, मिस्त्रीच्या देखत बोलून टाकलं.

"यांचं तयार चाक घे. मला ऐकू येत नाही, भिंगरी. हे मी अंदाजाने बांधलंय."

मिस्त्रीने लगेच एक चाक उचललं. भिंगरीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मला माहीत आहे," ती म्हणाली, सावकाश, ओठ दिसतील असं. "किटली शिट्टी मारमारून करपली तेव्हापासून. तरी तुलाच सांगितलं ना चाक बांधायला? हा स्पोक दुसऱ्या उतारावर तुटलाय, आत्या. तिथून साठ किलोमीटर आलेय त्या दगडांतून. बाकीचे सत्तावीस हललेसुद्धा नाहीत. अंदाजाने असं होतं का? वेळ घालवू नकोस, लाव."

आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी रागही आला, की ही कार्टी इतके महिने गप्प बसली. दोन्ही बाजूला सारून तिने पाना घेतला. ब्रेकची चकती सोडवली, तुटका काढला, नवा ओवला आणि रिममधल्या जुन्याच निपलमध्ये, म्हणजे स्पोकच्या नटात, फिरवून घट्ट करत आणला. मग डोळे मिटले आणि नवा-जुना असे दोन स्पोक चिमटीत धरून दाबले. कमी. अर्धा आटा. पुन्हा दाबले. अजून पाव. चाक फिरवून अंगठा रिमजवळ धरला, जिथे ते थोडं आऊट, वाकडं फिरत होतं तिथे सरळ केलं. आजूबाजूला बोंबाबोंब चालली होती आणि पहिल्यांदाच तिला ती ऐकू येत नसल्याचं काही वाटलं नाही. बोटांना सगळं कळत होतं. वडिलांनी कान शिकवला होता, पण चाळीस वर्षं बोटं काय झोपा काढत होती?

"झालं," ती म्हणाली.

मिस्त्रीने भिंगरीला खुणेनेच विचारलं आणि पटकन मीटर लावलं. नव्या स्पोकला, त्याच बाजूच्या शेजारच्याला, त्याच्या पलीकडच्याला. काटा तिन्ही वेळा एकाच जागी थांबला. त्याने एकदा मीटरकडे पाहिलं, एकदा आत्याच्या हातांकडे, आणि मीटर खिशात टाकलं. घड्याळात चारला सहा मिनिटं होती. भिंगरीने आत्याच्या गालाला चुन्याचा गाल घासला आणि पुलावरून निघून गेली.

मिस्त्री काहीतरी बोलला. आत्याने सवयीने मान हलवायला घेतली, मग थांबली. आता कशाला लपवायचं?

"मोठ्याने बोला. मला कमी ऐकू येतं," तिने सांगितलं. सांगताना तिची मान ताठ होती.

"म्हटलं, आमच्याकडची चाकं बांधाल का?"

"बघू. रांगेत यावं लागेल," आत्या म्हणाली.

मग दोघं खुर्च्या ओढून बसली. शेवटचा चढ उरलेल्या साठ किलोमीटरच्या वाटेतला सगळ्यात वाईट, तिथेच चाकं जातात, आणि शर्यत साडेसातच्या आत संपवायची होती. साडेसहा झाले, सात वाजले. आत्या हातातला तुटका लाल स्पोक वाकवत आणि सरळ करत राहिली. कर्ण्यावर एकामागून एक नंबर येत होते आणि प्रत्येक वेळी ती मिस्त्रीच्या तोंडाकडे पाही, तो मान हलवून नाही म्हणे. सव्वासातला तो खुर्चीतून उठलाच. वाकला आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडला,

"पोहोचली तुमची भिंगरी. वेळेच्या आत, तुमच्याच चाकांवर."

आत्याला पहिल्याच वेळी नीट ऐकू आलं होतं. शब्द न् शब्द. तिने पदराने गालावरचा चुना पुसला, खुर्चीत सरसावून बसली आणि दुसरा कान पुढे केला.

"काय म्हणालात? जरा मोठ्याने सांगा," ती म्हणाली. "सगळ्यांना ऐकू जाईल असं."