काचेआडचा नकाशा

माळरानावरच्या त्या वीज उपकेंद्रात खंडेनवमीला यंत्रांबरोबर भिंतीवरच्या नकाशालाही हळदकुंकू वाहायचे. कोणती तार कुठून येते, कुठे जुळते, सारे त्या नकाशात. कागद खराब होतो म्हणून चौऱ्याहत्तर साली ऑपरेटर शिवपुत्रने हौसेने त्याला काच बसवून घेतली, खिळे ठोकले. सोलापूरहून नकाशातल्या दुरुस्तीच्या चिठ्ठ्या आल्या की त्या नकाशावर डकवायचा नियम होता. काच बसल्यावर आलेल्या दोन चिठ्ठ्या मात्र त्याने चौकटीमागे खोचून ठेवल्या. काच काढू तेव्हा डकवू म्हणाला. ती काही निघाली नाही. आळसाला कारण लागते, त्याला काचेचे मिळाले.

पुढल्या वर्षी एके सकाळी त्याने नकाशा पाहून ओढ्याकडची वीज बंद केली आणि तार बंद असल्याची हमी देणाऱ्या कामाच्या परवान्यावर सही केली. तो परवाना खिशात घालून लाइनमन कोंडीबा सायकलवरून निघून गेला.

थोड्या वेळाने सोलापूरच्या साहेबांचा फोन आला. दरवर्षीची तपासणी चालली होती.

"तुमच्या नकाशावर कितवी दुरुस्ती आहे?"

शिवपुत्रने काचेतून कोपरा वाचला. "चौथी, साहेब."

"चौथी कशी? सहावी पाठवून चार महिने झाले."

त्याचा हात चौकटीमागे गेला. पाचवी किरकोळ होती. मग त्याने सहावी वाचली. ओढ्याकडच्या तारेत आता साखर कारखान्याच्या बाजूनेही वीज येत होती.

"साहेब, ओढ्याच्या तारेची कारखान्याकडची बाजू बंद करा. माझा माणूस खांबावर गेलाय."

"करतो. पण दहा मिनिटं लागतील."

शिवपुत्रने फोन टाकला आणि नोकरीत पहिल्यांदाच उपकेंद्र उघडे टाकून सायकल हाणली. तोंडाने सिद्धरामाचे नाव घेत होता, पण डोळ्यांपुढे देव येईना. स्वतःची सहीच येत होती.

कोंडीबा खांबावर अर्ध्यापर्यंत चढला होता.

"कोंडीबा, उतर खाली. तारेला हात लावू नको."

तो उतरला. शिवपुत्रने धापा टाकत सगळे सांगितले, आणि बांधावर बसला. मग त्याने विचारले, "पण चढायच्या आधी तू तारेवर साखळी टाकून बघतोस ना, वीज हाय का ते?"

"बघतो की." कोंडीबा कमरेचा पट्टा सोडत म्हणाला, "दुसऱ्या कुणाची सही असली तर. तुमची असली की साखळी घरीच ठिवतो, अण्णा."